टेबलावर टिकेल तेच: शेतकरी बाजारात घरची फ्रेंच पेस्ट्री विकायची तर

शेतकरी बाजारात स्टॉल लावायचाय म्हणून सल्ला मागायला येणारी मंडळी सगळ्यात आधी क्रोसाँची, म्हणजे बटरच्या घड्यांच्या पापुद्रेदार गुंडाळीची, कृती विचारतात. मी उलट दोन प्रश्न टाकते. तुमच्या ओव्हनमध्ये एका वेळी किती ट्रे बसतात? आणि सकाळी साडेदहाला, ऊन टेबलावर आलेलं असताना, तुमचा माल कसा दिसेल? या दोन्हींची उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याचा मेनू बसल्या जागी ठरतो. ज्याच्याकडे नाहीत तो घरच्यांनी वाहवा केलेले एक्लेअर, आत क्रीम नि वर चॉकलेट असलेल्या लांबट पेस्ट्र्या, घेऊन बाजारात उभा राहतो, आणि दहा वाजेपर्यंत चॉकलेट हाताला लागलेलं असतं नि क्रीम कागदाला.

पॅरिसच्या दुकानात काचेचं थंड कपाट असतं, मागे भटारखाना असतो, माल संपला की आतून ताजा ट्रे येतो. बाजारात यातलं काहीही नसतं. तिथे येणाऱ्याच्या एका हातात भाजीची पिशवी असते, दुसऱ्या हातात बहुधा लेकराचा हात. तो उभ्या उभ्या खाणार, नाहीतर घरी नेऊन अकरा-बारा वाजता खाणार. म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक पदार्थाला तीन अटी: फ्रिजबाहेर चार-पाच तास बिनधोक राहिला पाहिजे, एका हाताने चमच्याशिवाय खाता आला पाहिजे, आणि बाजार उठताना तो सकाळी होता तसाच, निदान त्याच्या जवळपास, लागला पाहिजे.

या अटींनी फ्रेंच मिठाईतली निम्मी नामांकित मंडळी गळतात. एक्लेअर गेले. मिलफॉय, म्हणजे पापुद्र्यांच्या थरांत क्रीम, तेही गेलं, त्याचा कुरकुरीतपणा क्रीम भरल्यावर तासा-दोन तासांत संपतो. पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशा सायकल शर्यतीच्या आठवणीत 1910 साली चाकाच्या आकाराचं केलेलं, क्रीम भरलेलं पारी-ब्रेस्त मला स्वतःला फार आवडतं, पण तेही गेलं. क्रेम पातिसिएर, म्हणजे दूध, अंडी आणि पिठाचं शिजवलेलं क्रीम, जंतूंना आपल्यापेक्षा जास्त आवडतं. ते 5 अंशांच्या खाली राहायला हवं, आणि बर्फाच्या खोक्यात ठेवून दर गिऱ्हाइकाला झाकण उघडायचं म्हटलं की तापमान हाताबाहेर जातं. चव राहू द्या, लोक आजारी पडतील. घरच्या स्वयंपाकघरातून विक्रीला परवानगी देणारे नियम बहुतेक ठिकाणी याच कारणाने फ्रिज लागणारे पदार्थ वगळतात. कोरडा, पूर्ण भाजलेला माल चालतो.

मग उरलं काय? भरपूर. क्रोसाँ आणि पँ ओ शोकोला, म्हणजे त्याच पिठात चॉकलेट. फिनान्सिए, म्हणजे बदामाचे छोटे केक. मॅडलिन, शिंपल्याच्या आकाराचे छोटे केक. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली खारट-गोड बिस्किटं, साब्ले. पाल्मिए, साखर लावून भाजलेली पापुद्रेदार बिस्किटं. फळं घातलेला बदामाचा टार्ट, म्हणजे उघड्या पारीत भाजलेलं सारण. हात बसला की बोर्दोचे कानले, बाहेरून कडक नि आत मऊ असे छोटे केक, आणि ब्रिटनीतल्या दुआर्नने गावचं कुईन्यामान, बटर-साखरेच्या घड्यांचा केक. मॅकरॉन, म्हणजे बदामाच्या दोन कवचांमध्ये सारण, टिकतात छान, पण कवचं करा, जोड्या लावा, दीड-दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवा, आणि बाजारात दमट हवा असली की कवच चिकट. शिवाय लोक रंग बघून फोटो काढतात आणि एकच घेतात. मी नाही करत. तुम्हाला करायचेच असतील तर फळांचं किंवा मलईचं नाही, चॉकलेटचं सारण घाला.

सुरुवातीला चार पदार्थ पुरेत. पाचवा आणायचा मोह होतो, तेव्हा त्या दिवशी चौथा किती उरला ते बघा.

आधी परवानगी, मग पीठ

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. बाजाराच्या आयोजकांना आधी भेटा, कारण बऱ्याच शेतकरी बाजारांत "जो पिकवतो किंवा बनवतो त्यानेच विकायचं" असा नियम असतो आणि बेकरीवाल्यांची संख्याही ठरलेली असते. आधीच दोन बेकर असतील तर तुमचं नाव यादीत जाईल. तिथे काम होतं ते वेगळेपणाने: "मी पण ब्रेड आणते" म्हणण्यापेक्षा "मी तुमच्याच शेतकऱ्यांच्या फळांचा टार्ट करते" म्हटलं की आयोजक खुर्ची पुढे करतात. मग अन्नविक्रीची नोंदणी किंवा परवाना, काही ठिकाणी स्वयंपाकघराची तपासणी, काही ठिकाणी विमा. तपासणीला येणारे पाण्याची सोय, कच्चा माल जमिनीपासून वर ठेवलाय का, आणि घरातलं मांजर ओट्यावर फिरतं का, हे बघतात. मांजराच्या बाबतीत ते गंमत करत नसतात.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, बनवल्याची तारीख, तुमचं नाव-पत्ता, आणि ॲलर्जीचे घटक ठळक. युरोपच्या यादीत असे 14 घटक आहेत, अमेरिकेच्या यादीत 9. आपल्या टेबलावर मुख्यतः गहू, दूध, अंडं आणि बदामासारखे सुकामेव्याचे प्रकार. एक गोष्ट लक्षात ठेवा: क्रोसाँच्या पिठात अंडं नसतं, पण वरून लावतात त्यात असतं. "अंडं आहे का?" हा प्रश्न हमखास येतो. एखादा ट्रे नुसतं दूध लावून भाजता येतो, चमक थोडी कमी येते एवढंच. पण तो ट्रे वेगळा ठेवा, चिमटा वेगळा ठेवा, आणि ज्या ओट्यावर दिवसभर अंडी फुटतात तिथला माल "अंड्याचा लवलेशही नाही" असं छातीठोकपणे सांगू नका.

क्रोसाँ: इथे घाई चालत नाही

मी क्रोसाँ ठेवते, कारण तो नसेल तर लोक टेबलापाशी थांबतच नाहीत. नफा त्यात फारसा नाही, ते पुढे येईलच. पण जो ठेवायचा तो चांगलाच ठेवायचा, कारण सुपरमार्केटमधला मऊ, फुगीर, पाव म्हणावा असा क्रोसाँ सगळ्यांनी खाल्लेला असतो आणि ते त्याच्याशी तुलना करणार.

1 किलो मैदा धरला तर साधारण अर्धा लिटर दूध-पाणी, 120 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम कोरडं इन्स्टंट यीस्ट, पिठात 80 ग्रॅम बटर, आणि लादी करून पिठाच्या घड्यांमध्ये घालायला 500 ग्रॅम. यातून 75 ग्रॅमचे 26 ते 28 क्रोसाँ निघतात, कडा कापून गेलेलं धरून. मैदा जरा ताकदीचा, 11-12 टक्के प्रथिनांचा घ्या. बटर बिनमिठाचं, आणि निदान 82 टक्के स्निग्धांशाचं. फ्रान्समध्ये साधं बटर तेवढ्याचं असतं, आणि घड्यांसाठी खास 84 टक्क्यांचं मिळतं, कारण पाणी कमी असलेलं बटर लवचीक राहतं. स्वस्त बटर घेऊन इथे पैसे वाचवू नका. वाचवायला दुसऱ्या जागा आहेत.

सगळी गोम तापमानात. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये, 4-5 अंशांवर. बटरची लादी 12 ते 14 अंशांवर. थर्मामीटर नसेल तर लादी कागदासकट टेबलाच्या कडेवर धरून वाकवा. वाकली आणि तडा गेला नाही, तर तयार. तडा गेला तर अजून पाच मिनिटं बाहेर. बोट सहज रुततंय तर परत आत. थंड लादी घाईने लाटली की लाटण्याखाली बारीक कचकच जाणवते, आणि पीठ उचलून उजेडात धरलं की पिवळ्या ठिकऱ्या वेगवेगळ्या दिसतात. त्या ठिकऱ्या परत जोडल्या जात नाहीत. क्रोसाँ भाजून होईल, खाताही येईल, पण कापल्यावर आत जाळी नसेल. उलट बटर मऊ झालं तर ते पिठात मुरतं आणि हाताशी ब्रिऑश, म्हणजे बटरचा मऊ पाव, येतो. तोही वाईट नाही, पण क्रोसाँच्या नावाने विकू नका.

तीन पदरी घडी तीन वेळा, मध्ये प्रत्येक वेळी निदान अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये. 3 गुणिले 3 गुणिले 3, म्हणजे बटरचे 27 थर. याहून जास्त घड्या घातल्या की थर इतके पातळ होतात की एकमेकांत मिसळतात. शेवटी 4 मिलिमीटर जाड लाटायचं, त्रिकोण कापायचे, गुंडाळायचे. ही कामं आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरकली पाहिजेत.

मग फुगवणं. 25-26 अंश ही छान हवा. 28 च्या वर जाऊ देऊ नका, कारण बटर पाझरायला लागतं, ट्रेवर तुपकट डबकं होतं आणि क्रोसाँ स्वतःच्याच तुपात तळून निघतो. तयार झालाय का हे घड्याळ नाही सांगत. ट्रे हलकेच हलवा: क्रोसाँ डुलला पाहिजे, आणि बाजूने थर सुटे दिसले पाहिजेत. अंड्याचा पिवळा बलक थोड्या दुधात फेटून ब्रशने लावायचा, तोही फक्त वरच्या गुळगुळीत भागाला. कापलेल्या कडांवर ओघळला तर थर चिकटतात आणि उघडत नाहीत. 190-200 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. रंग गडद येऊ द्या. फिकट क्रोसाँ बाजारात पोचेपर्यंत मऊ पडतो. "जळलाय का हो?" असं एखादं गिऱ्हाईक विचारेल, त्याला एक तुकडा द्या.

ओव्हन एकच आहे, हे विसरू नका

घरगुती ओव्हनच्या एका ट्रेवर ऐसपैस सहा क्रोसाँ बसतात. पंख्याच्या ओव्हनमध्ये दोन ट्रे, म्हणजे बारा. भाजायला वीस मिनिटं, परत तापायला पाच. एका घाण्याला 25 मिनिटं धरा. बाजार 8 ला उघडतो, 7 ला टेबल मांडायला हवं, त्याआधी प्रवास, त्याआधी माल अर्धा तास जाळीवर गार व्हायला हवा. म्हणजे शेवटचा घाणा पावणेसहाला बाहेर. तीन घाणे करायचे तर पहिला साडेचारला आत. आणि तो साडेचारला आत जायचा तर फुगण्यासाठी फ्रिजमधून रात्री दोन-सव्वादोनला बाहेर आला पाहिजे.

नवख्यांचा घोळ इथे होतो. तिन्ही घाण्यांचे ट्रे एकदम बाहेर काढले की तिसऱ्याची पाळी येईपर्यंत तो जास्त फुगून बसतो. ट्रे 25-25 मिनिटांच्या अंतराने फ्रिजबाहेर काढायचे. मी फ्रिजच्या दारावर वेळा लिहून ठेवते, कारण त्या प्रहरी डोकं चालत नाही. खोली रात्री 17-18 अंशांवर राहत असेल तर आणखी एक सोय आहे: पहिला घाणा रात्री 11 ला बाहेर काढून झोपा. तेवढ्या गारव्यात पाच-सहा तास लागतात. गरम हवेत हे करू नका, सकाळी ट्रेवर चपट्या चकत्या सापडतील.

हे गणित नीट पाहिलं की कळतं, घरच्या ओव्हनवर तीन घाणे, म्हणजे 36 क्रोसाँ-पँ ओ शोकोला मिळून, ही सुखाची मर्यादा. मग बाकी टेबल कशाने भरायचं? आदल्या दिवशी भाजून सकाळी तितकंच चांगलं लागणाऱ्या मालाने. माझा सगळा स्टॉल या एका विचारावर उभा आहे.

साब्ले घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात, ते आठवड्याच्या मधेच करून टाका. पाल्मिए दोन दिवस. बदामाचा टार्ट आदल्या संध्याकाळी भाजलेला सकाळी उलट जास्त मुरलेला लागतो. फिनान्सिए आदल्या रात्री. मॅडलिन मात्र त्याच दिवशीचीच खरी, दुसऱ्या दिवशी तिचा स्पंज होतो. क्रोसाँचा शेवटचा घाणा निघाला की तापलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटांत एक ट्रे होतो, पीठ रात्री कालवून फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. गार पीठ आणि कडक ओव्हन यांमुळेच तिच्या पाठीवर तो उंचवटा येतो. कानलेचं मिश्रण तर 24 ते 48 तास मुरवावंच लागतं, पण ओव्हन तासभर अडवतो आणि दुपारपर्यंत कवच मऊ पडतं. शिवाय तांब्याचे साचे महाग. धंदा बसल्यावर विचार करा.

फिनान्सिएबद्दल जरा सविस्तर, कारण माझं घर त्यावर चालतं म्हटलं तरी चालेल. 150 ग्रॅम बटर कढवायचं, पाणी उडून चरचर थांबते, मग तळाची बेरी तपकिरी होईपर्यंत, भाजलेल्या बदामाचा वास येईपर्यंत. वास आला की लगेच दुसऱ्या भांड्यात ओता, त्याच भांड्यात राहिलं तर करपतं. 100 ग्रॅम बदामाची पूड, 50 ग्रॅम मैदा, 160 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, पाच अंड्यांचा पांढरा भाग. फेटायचं नाही, फक्त कालवायचं. कोमट बटर बेरीसकट घाला, तासभर थंड करा, छोट्या साच्यांत 190 अंशांवर 12 ते 14 मिनिटं. वीस नग. कामाचा वेळ मोजून वीस मिनिटं. राहिलेले पाच बलक ब्रिटनीच्या साब्लेंमध्ये जातात, त्यांना बलकच लागतो. अंड्याचा कुठलाही भाग वाया नाही. क्रोसाँ पाहून आलेला माणूस जाताना दोन फिनान्सिए घेतो, आणि पुढच्या वेळी थेट त्यांच्यासाठीच येतो.

आणि टार्ट. हाच पदार्थ तुम्हाला बाजाराचा माणूस बनवतो. सारण पाठ करण्याइतकं सोपं: बटर, साखर, बदामाची पूड, अंडी, चारही समान वजनाने. टार्टच्या कच्च्या पारीत ते पसरा आणि शेजारच्या स्टॉलवर त्या आठवड्यात जे फळ असेल ते खोचा. जर्दाळू, आलुबुखार, नाशपाती, सफरचंद, अंजीर. फळाचा रस सुटतो तो बदाम पिऊन टाकतो, म्हणून तळ ओला होत नाही. कच्ची स्ट्रॉबेरी वरून मांडू नका, ती रडते. बाजार उठताना शेतकऱ्याकडे डाग पडलेली, फार पिकलेली फळं उरतात. ती त्याच्याकडून विकत घ्या, फुकट मागू नका. मग पाटीवर लिहा: "फळं समोरच्या स्टॉलवरची". तो शेतकरी दिवसभर तुमच्याकडे माणसं पाठवतो. तुमच्या कुठल्याही जाहिरातीला हे जमणार नाही.

दर ठरवताना लाज बाजूला ठेवा

"घरचंच आहे, ओव्हन तर होताच" असं म्हणून लोक निव्वळ साहित्याच्या दुपटीने दर लावतात आणि चार महिन्यांत थकून बसतात. कागद घ्या. प्रत्येक पदार्थाचा एक घाणा, त्यातलं प्रत्येक साहित्य ग्रॅममध्ये, त्याखाली पिशवी, कागद, लेबल. वरच्या क्रोसाँमध्ये एका नगाला 22 ग्रॅमच्या आसपास बटर जातं, खर्चाचा सर्वांत मोठा आकडा तोच. बटरचा भाव वाढला की त्या आठवड्यातच कागद परत मांडा.

माझा ठोकताळा असा: साहित्य आणि वेष्टन मिळून विक्रीदराच्या 30-35 टक्क्यांच्या वर जाऊ नये. स्टॉलचं भाडं त्या दिवसाच्या विक्रीच्या 15 टक्क्यांत बसावं. दहातला एक नग विकला जाणार नाही हे आधीच धरा. वीज, प्रवास आणि तुमचे तास उरलेल्यातून. तासांचा हिशेब मांडताना रात्री दोनचा तास दुपारच्या तासाच्या भावाने लावू नका.

हा कागद झाला की क्रोसाँ आणि फिनान्सिए शेजारी ठेवून बघा. क्रोसाँच्या मागे दोन दिवसांत विखुरलेलं दीड-दोन तासांचं हातकाम आहे, फिनान्सिएच्या मागे वीस मिनिटं. पण लोक क्रोसाँला जरा जास्त आणि छोट्या फिनान्सिएला त्याच्या निम्म्याहून अधिक द्यायला तयार असतात. म्हणून क्रोसाँचा दर आजूबाजूच्या चांगल्या बेकरीइतका ठेवा, खाली नको. कमाई छोट्या मालातून, तीन किंवा सहाच्या खोक्यांतून काढा. दर पूर्ण आकड्यांत ठेवा, सुट्ट्या पैशांसाठी रांग खोळंबली की मागची दोन माणसं निघून जातात.

शेवटच्या अर्ध्या तासात दर पाडू नका. मला माहीत आहे, बरेच जण पाडतात. पण नेहमीची गिऱ्हाइकं हुशार असतात, महिन्याभरात तीही शेवटच्या अर्ध्या तासातच येऊ लागतात.

स्टॉलवर

गरम क्रोसाँ खोक्यात बंद केला की वाफ त्यालाच खाते. अर्धा-पाऊण तास जाळीवर, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात एकच थर, वर सुती कापड. प्लास्टिकचं झाकण नको, विकताना प्लास्टिकची पिशवीही नको, कागदीच. याच्या उलट साखर कॅरॅमल झालेला माल, म्हणजे पाल्मिए, कुईन्यामान. तो हवेतलं पाणी ओढतो, म्हणून दमट दिवशी तो झाकून ठेवा आणि थोडा थोडाच बाहेर काढा.

छत्री-मांडवाच्या प्रत्येक पायाला 10 किलोच्या वर वजन बांधा, हवा शांत असली तरी. वारा सांगून येत नाही, आणि उडालेला मांडव सहसा शेजाऱ्याच्या अंड्यांवर पडतो. जागा निवडायला मिळाली तर ऊन साडेनऊ-दहाला कुठून येतं ते आदल्या आठवड्यात उभं राहून बघा. चॉकलेट 32-34 अंशांना वितळतं, उन्हातलं टेबल त्याच्या पुढे जातं. कॉफीवाल्याच्या शेजारी जागा मिळाली तर भाग्य. मासळीवाल्याच्या शेजारी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

पैसे घेणारा हात आणि माल देणारा हात वेगळा हवा. माझा भाचा गल्ला सांभाळतो, मी चिमटा. एकटे असाल तर चिमटा कधीही सोडू नका आणि पैशांसाठी वाटी पुढे ठेवा. माल काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या आडोशामागे, कारण लोक बोलताना वाकतात, आणि मुलं बोट लावून बघतात. सगळा माल एकदम मांडू नका, पण टेबल ओकंबोकंही दिसू देऊ नका. मोठ्या ताटात दोन नग उरले की ते छोट्या ताटात काढा. उंचसखल मांडा, क्रोसाँ मागे उंचावर, फिनान्सिए पुढे हाताशी.

पाट्यांवर पदार्थाच्या नावाखाली एका ओळीत काय आहे ते लिहा: "कढवलेलं बटर आणि बदाम, छोटा केक". आणि प्रत्येकाला एक आकडा द्या. नाव उच्चारायला संकोच वाटणारा माणूस "तीन नंबरचे चार द्या" असं बिनदिक्कत म्हणतो, नाहीतर तो काही न घेता पुढे सरकतो. चव द्यायची ती फिनान्सिए किंवा साब्लेची, बोटभर तुकडा, काडीवर. क्रोसाँचे तुकडे करू नका, पापुद्रे उडतात आणि गाभा सुकतो.

बोलायला माणसं येतातच. क्रोसाँ 1683 च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात जन्मला असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. त्याला विरोध करून विक्री घालवू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या: ती दंतकथा आहे. नोंदलेला धागा 1830 च्या दशकाच्या अखेरचा, ऑगस्ट झांग नावाच्या माणसाने पॅरिसमध्ये व्हिएन्नाच्या धर्तीची बेकरी काढली तेव्हाचा. रांग नसेल तर सांगा. रांग असेल तर "हो का!" म्हणा आणि पुढच्याला विचारा.

पहिल्या दिवशी किती न्यायचं? वाटतं त्याच्या दोन-तृतीयांश. अकराला संपलं तर "पुढच्या आठवड्यात लवकर या" म्हणता येतं आणि लोक येतात. वही ठेवा: पदार्थ, किती नेले, कितीला संपले, हवा कशी होती, बाजारात आणखी काय होतं. संपल्याची वेळ ही विकल्याच्या संख्येपेक्षा महत्त्वाची. नऊला संपलेल्या बारा पँ ओ शोकोलांची मागणी आणखी किती होती हे तुम्हाला कळलेलंच नसतं. पुढच्या वेळी अठरा न्या. पावसाच्या दिवशी उलट, सगळं निम्मं. ओळखीची गिऱ्हाइकं झाली की आधी मागणी घ्यायला लागा, नाव लिहिलेली पिशवी बाजूला ठेवा. अशा पिशव्या एक-तृतीयांश मालाइतक्या झाल्या की पावसाची भीती निम्मी होते.

उरलेल्या क्रोसाँचं फ्रेंच बेकरांनीच करून ठेवलंय: आडवा कापा, पातळ पाकात बुडवा, आत-बाहेर तेच टार्टचं बदामाचं सारण, वर बदामाचे काप, 180 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. शनिवारच्या जोडीला रविवारीही बाजार असेल तर हा बदाम-क्रोसाँ ताज्यापेक्षा जास्त दराने जातो, आणि तो आदल्या दिवशीच्या क्रोसाँचा आहे हे पाटीवर लिहिलं तरी जातो. रविवारी बाजार नसेल तर क्रोसाँ कापून, सारण भरून, भाजण्याआधीच गोठवा. पुढच्या शनिवारी शेवटच्या घाण्यानंतर, मॅडलिनच्या जोडीला, ओव्हनचा खालचा कप्पा तेवढा रिकामा असतो. मॅडलिन दहा मिनिटांत निघते, मग आच 180 वर आणा आणि क्रोसाँ आणखी दहा मिनिटं आत राहू द्या.